जॅकी कूगनचं पुढे काय झालं?

कुणीतरी लिहिलंय की चॅप्लिनच्या ‘द किड’मधलं ते पोर मोठेपणी वाया गेलं. वाया कसलं, लुबाडलं गेलं! १९२१च्या त्या चित्रपटाने सहा-सात वर्षांचा जॅकी कूगन जगभर पोचला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने लाखो डॉलर मिळवले. १९३५मध्ये वडील मोटार अपघातात गेले. लवकरच तो एकवीस वर्षांचा झाला, पण पैसे काही हाती आले नाहीत. आईने कुटुंबाच्या जुन्या व्यवस्थापकाशी लग्न केलं होतं, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाची कमाई पालकांचीच.

१९३८मध्ये त्याने दोघांवर दावा लावला. पदरात पडले जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्या बोभाट्यातून बालकलाकारांची कमाई राखायला १९३९चा ‘कूगन कायदा’ आला खरा, पण त्यात पळवाटा भरपूर. कॅलिफोर्नियात पंधरा टक्के कमाई मुलाच्या नावे बाजूला ठेवणं सक्तीचं व्हायला २००० साल उजाडलं. तोवर किती पोरांच्या कमाईवर घरच्यांनी बंगले बांधले असतील कोण जाणे.

आणखी एक, आपल्याकडे फारसं ठाऊक नसलेलं: दुसऱ्या महायुद्धात हा ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, वैमानिक होता. मार्च १९४४मध्ये आसामातल्या लालाघाटहून उडालेल्या ग्लायडरांच्या मोहिमेत तो होता, चिंडिटांना (ब्रिटिशांच्या खास तुकड्यांना) ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरवायला.

नंतर १९६४पासून ‘द ॲडम्स फॅमिली’ मालिकेतला टकला अंकल फेस्टर तोच. बल्ब तोंडात धरून पेटवणारा!