सल्ला हवा: सव्वाचार वर्षांच्या मुलासाठी बीपीचं मशीन (बजेट २,०००)

मुलुंडची_आई
मुलगा सव्वाचार वर्षांचा, वजन २२ किलो, उंची १०४ सेंमी. गरोदरपणात मला बीपी होतं, ३६ व्या आठवड्यात सिझर, जन्माचं वजन २.१ किलो. "किती बारकं पोर" म्हणत घरातल्या प्रत्येकाने भरवलं, पहिल्या वाढदिवसाला साडेअकरा! परवा डॉक्टरांनी बीपी मोजलं, थोडं जास्त आलं. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त निघालं तरच पक्कं, म्हणाले. मला तेवढा धीर नाही. घरी मोजायला कुठलं घेऊ? "वाढतं वय आहे, काही होत नाही" हे लिहू नका, ते घरी फुकट मिळतं.

दादरचा_बंड्या
ओमरॉन, डोळे झाकून. माझं ब्लूटूथवालं, साडेपाच हजार. मोबाइलवर आलेख दिसतो. दोन हजारांत खेळणं येईल.

गोरेगावकरीण
अगं वाढतं वय आहे, काही होत नाही. माझा भाचा असाच गुटगुटीत होता, आता शिवाजी पार्कला मल्लखांब करतो.

काळाचौकी_७२
मशीन राहू दे, पट्टा बघा. मशीनबरोबर साधारण २२ ते ३२ सेंमी दंडाचा पट्टा येतो. मी तोच नातवाला गुंडाळला, वरचा आकडा ८२! सूनबाई रडायला लागली. दवाखान्यात लहान पट्ट्याने १००. पट्टा मोठा तर आकडा कमी, लहान तर जास्त. प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत लहान पट्टा सुटा मिळतो, पण आपल्या मशीनला बसला पाहिजे. माझे दोन हेलपाटे झाले.

दादरचा_बंड्या
पट्ट्याने एवढा फरक पडत नाही काका.

काळाचौकी_७२
पडतो. वर लिहिलंय.

खारी_बटर
ताई, मुद्दा मशीनचा नाहीच. पोटात असताना कमी वाढलेलं बाळ नंतर झपाट्याने वजन घेतं, तिथे पुढच्या लठ्ठपणाची आणि बीपीची शक्यता वाढते. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माच्या सुमारासच तयार होऊन संपतात, नंतर नव्या येत नाहीत. अशा बाळांत त्या मुळात कमी असू शकतात. केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी हे किती वर्षांपूर्वी दाखवलं, की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कमी, पण चरबी त्या मानाने टिकवून असतात. हडकुळी तरी चरबीदार.

परळकर
केईएममध्ये माझी बहीण होती, याज्ञिक नावाचे कुणी नव्हते.

खारी_बटर
पुण्याचं केईएम. रास्ता पेठ.

परळकर
केईएम म्हटलं की परळच. पुण्याचं असेल तर पुण्याचं लिहावं.

गोरेगावकरीण
डब्याचं दूध दिलं होतं का? सिझरच्या बाळांचं हेच होतं.

मुलुंडची_आई
दिलं. सुरुवातीला मला दूधच येत नव्हतं. धागा मशीनचा आहे.

सिस्टर_२२वर्षं
बालरोग वॉर्डात २२ वर्षं काढली, म्हणून लिहिते. मोठ्यांचा १२०/८० लहानांना लावायचा नाही. वय, मुलगा की मुलगी आणि उंची यांवरून तक्ता असतो. पाच मिनिटं शांत बसवा, पाय टेकलेले, उजवा दंड, रडत असेल तर मोजूच नका. मशीनवर जास्त आलं की डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पुन्हा बघतात, म्हणजे घरच्या आकड्याने तुमची काळजी वाढेल, बाकी काही नाही. वजन उतरवायच्या मागे लागू नका, उंची वाढते आहे तोवर वजन थोपलं तरी पुष्कळ. डब्यातली खारी, वेफर्स, पापड बंद, जेवताना मोबाइल बंद. आणि बाई, गरोदरपणात बीपी तुम्हाला होतं ना? नंतर स्वतःचं कधी मोजलंत?

खारी_बटर
खारीला का मध्ये ओढलं?

दादरचा_बंड्या
सिस्टरांशी सहमत. म्हणूनच म्हणतो ब्लूटूथवालं घ्या, डॉक्टरांना थेट पाठवता येतं.

काळाचौकी_७२
पट्टा.

मुलुंडची_आई
सगळ्यांचे आभार. मशीन घेतलं, १,७५० ला, साधं, मोठ्यांच्या पट्ट्याचं. लेकासाठी नाही, माझ्यासाठी. सिस्टरांचा प्रश्न वाचून आठवलं, टाके काढले त्यानंतर माझ्या दंडाला कुणी पट्टा लावलेला नाही. तीन दिवस सकाळी मोजलं, १४४/९२ च्या आसपासच. शनिवारी दाखवते. लेकाचं दवाखान्यातच, पुढची भेट सोळा तारखेला. सासूबाई वरणावरचं तूप अर्ध्यावर आणायला तयार झाल्या, पापडावर अजून बोलणी चालू आहेत.

सिस्टर_२२वर्षं
शनिवार चुकवू नका.

नवा_सभासद_ठाणे
पूर्ण धागा वाचला नाही. बजेट किती आहे?