सुळे होते, नियम नव्हते : भयपटाने केलेला तुमचा पोपट (अनुभव धागा)

परवा शनिवारी रात्री पावणेअकराचा शो पाहिला. मी, धाकटा मेहुणा आणि दहावीतले चिरंजीव. सिनेमाचं नाव घेत नाही. पोस्टरवर सुळे होते, एवढी ओळख पुरे.

पहिला तास खरंच छान होता. ओसाड वाडा, बंद खिडकीच्या काचेवर नखाचा आवाज, आणि एक म्हातारा पुजारी जो हिरोला सगळं समजावून सांगतो. हा रक्तपिपासू उन्हात जळतो, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आरशात दिसत नाही, लसणाच्या वाऱ्याला थांबत नाही. चार अटी. आम्ही तिघांनी मान्य केल्या आणि मुकाट्याने घाबरायला बसलो.

मध्यंतरानंतर हाच गृहस्थ भर दुपारी लग्नाच्या मांडवात हजर! ऊन असं की मांडवातली माणसं पंख्याखाली जागा शोधताहेत, आणि हा काळा कोट घालून उभा. मग हिरॉईन आरशासमोर केस विंचरते तर मागे त्याचा चेहरा, का तर प्रेक्षकांना दचकवायचं होतं. शेवटी तो घरातच शिरतो. चिरंजीव कानाशी येऊन म्हणाले, "बाबा, याला कुणी या म्हटलंच नाही." तिथून पुढे मला भीती वाटली ती फक्त पार्किंगच्या पावतीची.

तर लोकहो, तुमचे असे अनुभव येऊ द्यात. व्हॅम्पायरच पाहिजे असं नाही, पण त्याला प्राधान्य. कुठल्या क्षणी भीती उतरली तेवढं नक्की लिहा.

लसूणपाकळी

आमच्याकडे सासूबाई, मी आणि नणंद, तिघींनी टीव्हीवर पाहिला होता असाच एक. खलनायक लसणाच्या नुसत्या माळेला बघून किंचाळतो आणि पुढच्याच सीनमध्ये ढाब्यावर जेवून आलेल्या मुलीच्या मानेला तोंड लावतो. सासूबाई म्हणाल्या, तिच्या तोंडाला वास आला नसेल का गं? नाशकात हा प्राणी चार दिवस टिकायचा नाही हो. सकाळी मिसळ, दुपारी ठेचा, रात्री शेवभाजी. उपाशी मरेल बिचारा.

रात्रपाळी

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, त्यामुळे मला हे सिनेमे बघायला कुणी सोबत नेत नाही. दोष माझाच आहे.

कॉलेजरोडच्या मैत्रिणींबरोबर एकदा गेले होते. त्यात व्हॅम्पायर हॉस्पिटलात घुसतो आणि बर्फाने पांढऱ्या झालेल्या फ्रीजरमधून रक्ताच्या पिशव्या काढून फोडतो. मी तिथेच बोलून गेले की लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवतात, अशी गोठवली तर पेशी फुटतात, हे रक्त वाया गेलं. मागच्या रांगेतून "शूऽऽ" आलं. शिवाय पिशवीत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सायट्रेट असतं. प्लेटलेट देणाऱ्याच्या शरीरात थोडं सायट्रेट गेलं तरी ओठांना मुंग्या येतात, आणि हा सहा पिशव्या रिचवून ढेकर देतो.

पण मला खरा राग आला तो चावण्याचा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. आम्ही शिबिरात ३५० मिली घेतो, तर चांगली जाड सोळा गेजची सुई लावूनही पाच-सात मिनिटं जातात. हा दोन सुळे टेकवतो आणि चार सेकंदांत माणूस कागदासारखा पांढरा. बरं, पांढरा झाला तर झोपून तरी राहावं ना? ती मुलगी पुढच्या सीनमध्ये तीन जिने धावत चढते! पुन्हा दुसऱ्या रात्री तिलाच चावतो, तिसऱ्या रात्री पुन्हा तिलाच. आम्ही पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने परत सुई लावत नाही. या प्राण्याला रजिस्टर ठेवायला शिकवा कुणीतरी.

घाबरायचंच असेल तर रात्री अडीचला आमच्या खिडकीशी या. घामेजलेला माणूस चिठ्ठी पुढे करून विचारतो, "मॅडम, ओ निगेटिव्ह आहे का?", आणि मला फ्रीज उघडण्याआधीच उत्तर माहीत असतं.

निफाडचा_अजिंक्य

एक साधी शंका. तो वटवाघूळ होतो तेव्हा कपडे कुठे जातात? आणि परत माणूस होतो तेव्हा इस्त्रीसकट कुठून येतात?

बागायतदार

अजिंक्यभाऊ, कपड्यांचं माहीत नाही, पण वाघळांचं मला विचारा. आमच्या बागेत द्राक्षं गोड व्हायला लागली की येतात. पंख पसरले की हातभराहून मोठी, अंधारात फडफड ऐकली की नव्या गड्याची बोबडी वळते. पण खातात फळं. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, त्याही तिकडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. मूठभर जीव तो, आणि शोषत नाही, मांजर दूध चाटतं तसं रक्त चाटतो. मी पाहिलेल्या सिनेमात युरोपातल्या किल्ल्यातून ह्या आमच्या फळखाऊ वाघळांचा थवा निघाला होता, तोंड कुत्र्यासारखं, डोळे मोठे, अगदी ओळखीचे. सगळं थेटर किंचाळलं आणि माझ्या डोक्यात आलं, बागेवरची जाळी फाटली आहे, सकाळी शिवायला पाहिजे.

जुना_ऑपरेटर

माझं वय आता सत्तरीपलीकडे. नाशिकरोडला आणि त्याआधी जत्रेतल्या तंबू टॉकीजवर ऑपरेटर होतो. तुम्ही सगळे सिनेमा विसंगत म्हणून रडता, मी स्वतःच्या हाताने केलेला विसंगत सिनेमा सांगतो.

एका जत्रेत भुताचा पिक्चर लावला होता. रिळांची पेटी दुसऱ्या गावाहून एसटीच्या टपावरून आली, उशिरा. मोठं रीळ म्हणजे दोन हजार फूट, वीस-बावीस मिनिटं चालतं. डब्यांवरचे आकडे पावसाने पुसलेले. आमच्याकडे मशीन एकच, म्हणजे दर रिळाला अंधार आणि शिट्ट्या. घाईत मी सहावं रीळ चौथ्याच्या जागी लावलं. झालं काय, सैतान जळून राख झाला, गावकऱ्यांनी आरती केली, आणि मी पुढचं रीळ चढवलं तर सैतान घोड्यावरून गावात येतोय. माझ्या पोटात गोळा. आता बाकडी फेकून मारतात की काय.

काही नाही! उलट लोक जास्त घाबरले. जाळूनसुद्धा परत आला म्हणजे भलताच जबर आहे म्हणाले. एक म्हातारी बाहेर येऊन मालकाला विचारायला लागली की उद्याच्या खेळाला तरी मरतो का. मालकाने मला शिवी द्यायची ती दिली नाही, दुसऱ्या दिवशीही तसंच लाव म्हणाला.

आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१९ साली पोटच्या मुलीला कृष्ण केलं आणि कालियाशी झुंजवलं. लोकांनी कृष्णच पाहिला. लोक मानायला तयार असतात हो, तुम्ही त्यांना आधी एक सांगून नंतर दुसरं दाखवू नका एवढंच. माझं चुकलं ते पावसाने. यांच्या डब्यांवर तर आकडे होते!

गणिताच्या_बाई

आठवीच्या वर्गात मुलं याच सिनेमावर बोलत होती, तास फुकट जाऊ नये म्हणून फळ्यावर घेतलं. सिनेमाचा नियम असा, की चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होतो आणि प्रत्येकाला रोज रात्री एक माणूस लागतो. म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. विसाव्या रात्री १०,४८,५७६. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,८६,०५३. एकविसाव्या रात्री बिटको चौकात चावायला माणूस शिल्लक नाही. आणि सिनेमात तो तीनशे वर्षं वाड्यात भुकेला बसलाय!

एका मुलाने हात वर करून विचारलं, "बाई, दोघांनी चुकून एकालाच चावलं तर?" त्याला पैकीच्या पैकी दिले.

सावानाचा_कीडा

हा धागा माझ्यासाठीच काढला आहे असं समजून थोडं लांबण लावतो. नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलो, मग वाचनालयातून ब्रॅम स्टोकरची मूळ 'ड्रॅक्युला' आणली. १८९७ ची कादंबरी. डोक्यात सिनेमे होते, त्यामुळे पानोपानी धक्के बसले. तिथे ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या उभा असतो! दिवसा त्याची ताकद कमी होते, पण तो जळत नाही. आणि शेवटी तो मरतो तो छातीत खुंटी ठोकून नव्हे, तर दोन सुऱ्यांनी. एक अमेरिकन सुरा, आणि दुसरी चक्क गुरख्यांची कुकरी.

उन्हाने विरघळायची कल्पना आली १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. त्यांनी कादंबरीचे हक्क न घेताच सिनेमा काढला होता. स्टोकरच्या बायकोने खटला भरला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्या आणि तो नियम जगभर पसरला.

म्हणून दुपारच्या लग्नाबद्दल मी धागाकर्त्यांएवढा चिडणार नाही. उन्हात फिरणारा व्हॅम्पायर मुळाला धरूनच आहे. पण मग पुजाऱ्याकडून जळतो असं वदवून कशाला घ्यायचं? उंबऱ्याचा नियम मात्र खास स्टोकरच्या कादंबरीतला आहे, घरातल्या कुणीतरी एकदा बोलवावं लागतं, मग तो हवा तेव्हा येतो. तो मोडला म्हणजे सगळंच मोडलं. दाराबाहेर उभा राहून तो गोड बोलतो आणि आतला माणूस हळूहळू कडीकडे हात नेतो, यातच तर मजा आहे. (अर्थात आपल्याकडे वीजबिलवाल्यालाही "या, बसा, पाणी घेता का" म्हणतात, तेव्हा त्याला फार थांबावं लागणार नाही.)

गर्दीतला_तिसरा

धागाकर्ते, दुपारच्या मांडवाचा सीन इगतपुरीकडच्या बंगल्यावर झाला असं पडद्यावर दिसत होतं का? मागे दगडी कमान, डावीकडे आंब्याचं झाड? असेल तर पंक्तीत जिलबी वाढणारा मी आहे. सावकाश पाहिलंत तर कोपर दिसतं.

आता आतली गोष्ट ऐका. तो उन्हात का जळला नाही याचं उत्तर शूट केलं होतं. रात्री एक मांत्रिक त्याच्या कपाळाला राख फासतो आणि सांगतो, ही पुसेपर्यंत सूर्य तुला ओळखणार नाही. त्या मांत्रिकाचा मुका चेला मीच. चार तास मेकअप केला, अंगावर खरी राख, तीन दिवस शिंका. एडिटमध्ये लांबी वाढली म्हणून तो सीन गेला. घरच्या बारा माणसांना तिकिटं काढून नेलं होतं मी. आई शेवटची पाटी जाईपर्यंत उठली नाही, म्हणाली अजून येशील.

आणि रात्रीचे म्हणून जे दिसतात त्यातले निम्मे सीन दिवसा घेतलेत. जनरेटर, लाइट, रात्रीची डबल शिफ्ट परवडत नाही, मग भर उन्हात उजेड कमी करून घेतात आणि नंतर निळसर रंग चढवतात. वाड्याच्या पायऱ्यांवर तो चांदण्यात उतरतो ना, तिथे त्याची सावली बघा. पायाखाली गोळा झाली आहे. दुपारचे साडेबारा वाजले होते, जेवणाची सुट्टी व्हायची होती. मानेवरचे दात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आहेत त्याचं कारण विचारू नका, त्या दिवशी मेकअपदादा बदलले होते.

टाइमपास_सातपूर

काय भो, सिनेमा बघायला जाता का ऑडिट करायला? मी आणि कंपनीतली पोरं सेकंड शिफ्ट सुटल्यावर जातो, त्याचा मेकअप ओघळला की टाळ्या वाजवतो. पैसे वसूल. दोनशे वर्षांचा माणूस कॉलेजच्या पोरीच्या मागे का लागतो हे विचारायचं नसतं.

सिन्नरची_नात

दादा, टाळ्या वाजवता म्हणजे भीती गेलीच की.

माझ्या आजीच्या गोष्टींत सुळेवाला कुणी नव्हता, पण एकही भूत कधी नियमाबाहेर गेलं नाही. मुंजा म्हणजे पिंपळावरच. हडळ कितीही देखणी असो, पाय उलटेच. चकवा रात्रभर फिरवून फिरवून त्याच बांधावर आणणार आणि तांबडं फुटलं की सोडणार. आम्ही मुद्दाम अडवायचो, "आजी, मुंजाचा पिंपळ तोडला तर?" ती बिडी विझवून शांतपणे म्हणायची, "म्हणून तर कुणी तोडत नाही." झालं, वादच संपला!

सगळ्यात वाईट होती ती हाक. रात्री बाहेरून आपल्याच माणसाच्या आवाजात नावाने हाक येते. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, तिसरी आली तर आपलं माणूस. आता मी पस्तिशीची आहे, मुंबई नाक्याजवळ पाचव्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे, कॅमेरे आहेत. नवरा किल्ली विसरला आणि रात्री खालून ओरडला तरी मी मोजते.

धागाकर्ता

तिसरे दादा, दगडी कमान होती आणि आंबाही होता. जिलबी आठवत नाही, माफ करा. राखेचा सीन ठेवला असता तर माझे तिकिटाचे पैसे सुटले असते.

सिन्नरच्या ताईंचा प्रतिसाद मी चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवला, ही चूक झाली. सिनेमा पाहून आल्यावर दिवा घालवून घोरत पडलेला गडी. काल रात्री दहाला मी खालून हाक मारली, दुधाची पिशवी घेऊन जा म्हणून. खिडकीत उजेड होता, ओ नाही. पुन्हा मारली. पडदा हलला, ओ नाही. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा कुठे खिडकी बोटभर उघडली.