कामगंध सापळ्यात बारीक पतंग पडायलेत, फवारणी घेऊ का?

काळंरान_बार्शी:
राम राम मंडळी. बार्शी तालुक्यात दोन एकर कापूस हाय, बीटी (बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं ते वाण), 85 दिवसांचा. गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगाला मादीच्या वासानं ओढणाऱ्या सापळ्यात परवा रात्री 11 आन् काल 9 पतंग, नखाएवढे बी नाहीत, मळकट तपकिरी, चिमटीत धरलं की बोटाला राखेसारखी भुकटी लागती. बोंडं मात्र वरून हिरवीगार, एकाला बी छिद्र नाही. दुकानदारानं औषधाचे दोन डबे हातात दिले, मिक्स करून मारा म्हणला. बीटीवर गुलाबी बोंडअळी येती का ओ?

सरकीवाला:
दादा डबे आधी बाजूला ठेवा. छिद्र दिसणारच नाही, अळी अंड्यातून निघाली की केसाएवढी असतानाच आत शिरते आणि बोंड वाढताना ते भोक बुजतं, मग आत बसून निवांत सरकी खाते. रानात फिरून 20 हिरवी बोंडं तोडा, एका झाडाचं एकच, आणि चिरा. दोनात जिवंत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, मग फवारा. सापळ्याचा हिशोब म्हणजे एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, सलग 3 रात्री. तुमच्या दोनच झाल्यात.

पऱ्हाटी_सोलापूर:
बीटीचं म्हणाल तर 2006 ला बोलगार्ड 2 हे नवं बीटी आलं तेव्हा आम्ही पण बिनघोर होतो, आता गुलाबीला ते पचलंय, 2017 ला विदर्भ मराठवाड्यात काय झालं बघितलंच की. आपली पण चूक हाय, बीटी न पचणाऱ्या अळ्या बी शिल्लक राहाव्यात म्हणून कडेला पेरायला नॉन बीटीचं वेगळं पाकीट यायचं ते किती जणांनी पेरलं? आमचं गोठ्याच्या कोनाड्यात पडून होतं. आन् वर फरदड, म्हणजे वेचणी झाली तरी पाणी देऊन तोच कापूस पुढं राखायचा, उजनीचं पाणी हाय म्हणून मार्चपर्यंत कापूस उभा, अळीला अजून काय पाहिजे. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडं बांधावर रचून ठेवू नका राव, त्यातल्या किडक्या बोंडात ती झोपून राहते.

सरकीवाला:
आणि फुलं बघा, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं असेल तर ती डोमकळी, आत अळी असते. तोडून पिशवीत भरा, रानात टाकू नका. सापळ्यात नुसते नर पडतात, त्यामुळं सापळे हायेत म्हणून गाफील राहू नका.

काळंरान_बार्शी:
आत्ता चिरली 20. तिनात निघाली, एक तर चांगली गुलाबी झालेली, दोन सरक्या चिकटवून मधी बसलेली. तिसऱ्या रात्रीचे पतंग पण 10. उद्या सकाळी पंप काढतो, पण डबा एकच. दुसरा परत घेतो का बघतो त्यो.