श्रीवर्धनजवळ ११ जणांसाठी मॉड्युलर घर, सल्ला हवाय

सुपारीची_वाडी
नमस्कार मंडळी. श्रीवर्धनच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित वाडी आहे, नारळ-सुपारीची, समुद्र साधारण दीड किलोमीटरवर. जुनं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात अर्धं छप्पर उडालं आणि वर फणस पडला, तेव्हापासून दरवर्षी ताडपत्री घालून पावसाळा काढतोय. आता आम्ही तिघा भावांनी मिळून नवीन घर बांधायचं ठरवलंय. एरवी तिथे आई आणि काका-काकू असतात पण गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही ११ जण. गावात गवंडी वेळेवर मिळत नाहीत, आम्ही सगळे पुण्यात, रोज तिथे उभं कोण राहणार, म्हणून फॅक्टरीत बनवून आणून बसवायचं असं डोक्यात आहे. एका कंपनीने ४० फूट बाय ८ फुटाचे सहा बॉक्स जोडून प्लान दिलाय, म्हणजे १९२० स्क्वेअर फूट, वर सपाट छप्पर, चार महिन्यांत चावी. चित्र सगळ्यांना आवडलं, फक्त काकूने एवढंच विचारलं, "ह्यात ओटी कुठाय रे?" आणि आईला भीती वाटतेय की पत्र्यावर पाऊस वाजून रात्रभर झोप लागणार नाही. कोणी असं घर बांधलंय का? अॅडव्हान्स द्यायच्या आधी काय बघू?

घाटमाथा
दादा, प्लान बाजूला ठेवा, आधी मेजरटेप घेऊन रस्ता मोजा. मी याच लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. ४० फुटी बॉक्स म्हणजे ट्रेलर आला, तो ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळा करत येईलही पण फाट्यावरून वाडीत वळेल का? आणि उतरवायला हायड्रा म्हणजे क्रेन लागणार, ती उभी राहायला जागा हवी, वरून तारा जात असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्यावी लागते. दापोलीकडच्या एका कामात आमचा ट्रेलर दोन दिवस फाट्यावर उभा होता, शेवटी आंब्याच्या फांद्या तोडाव्या लागल्या आणि मालकीणबाई रडायला लागल्या, ते अजून विसरलो नाही.

सुपारीची_वाडी
काल भावाला पाठवून मोजून घेतलं. शेजाऱ्यांच्या गडग्यापाशी ९ फूट ४ इंच, आणि तिथेच काटकोनात वळण. बरं झालं विचारलं.

घाटमाथा
मग बॉक्सचा विषय संपला. तुम्ही पॅनेलवालं घ्या, एलजीएसएफ (लाइट गेज स्टील फ्रेम) म्हणतात, झिंक चढवलेल्या बारीक स्टीलच्या पट्ट्यांची फ्रेम, ती छोट्या टेम्पोतून येते आणि चार माणसं उचलून उभी करतात, मग दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता आणि आवाज अडवणारा दगडी लोकरीचा थर. महिनाभर जास्त लागेल, लागू दे. आणि मोठ्या घराला हेच बरं, कारण ८ फुटाच्या पट्टीत ११ माणसांची पंगत बसत नाही, आतून तर साडेसातच फूट मिळतात.

मीरा_गुहागर
सपाट छप्पर अजिबात नको!! कळकळीने सांगतेय. आमचं चार बॉक्सचं घर, पहिला पावसाळा ठीक गेला, दुसऱ्या पावसाळ्यात दोन बॉक्स जिथे जोडलेत बरोबर तिथून माजघरात पाणी यायला लागलं. आधी नुसती ओल दिसायची, मग जमिनीतला प्लाय फुगला आणि दार घासायला लागलं. कंपनीची माणसं आली, सिलिकॉन भरून गेली, पुढच्या पावसात परत तेच. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो, तो सांध्यात घुसणारच. शेवटी अख्ख्या घरावर लोखंडी कैच्या टाकून एकच उतरतं छप्पर केलं, चहूबाजूंनी तीन फूट पुढे काढलं, तेव्हापासून थेंब नाही. तेच पुढच्या बाजूला आठ फूट काढलंत की काकूंची ओटी झाली. आवाजाचं म्हणाल तर छप्पर वेगळं आणि खाली सीलिंगवर रॉकवूल असलं की पाऊस ऐकू येतो पण झोपमोड होत नाही, माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, शांत झोपतात. वर कौलं घालणार असाल तर स्क्रूने किंवा तारेने बांधून घ्या, वादळाचा अनुभव तुम्हाला आहेच.

खारा_वारा
मीराताईंना अनुमोदन. माझा मुद्दा गंजाचा. दीड किलोमीटर म्हणजे समुद्र दारातच धरा. फ्रेमच्या पत्र्याला २७५ जीएसएम (चौरस मीटरला २७५ ग्रॅम) झिंक कोटिंग आहे हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. आणि साइटवर ग्राइंडरने कापू देऊ नका, कापलेल्या कडेला झिंक राहत नाही, गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरचे स्क्रू स्टेनलेसचे घ्या, आमच्याकडे पत्रा चांगला राहिला आणि स्क्रूभोवती तांबड्या रेघा उतरल्या.

सावंतवाडीकर
एक राहिलं. ओटीवर झोपाळा टांगणार ना? ते आत्ताच सांगा, त्या जागी जाड बीम डिझाइनमध्येच घालावा लागतो, नंतर सीलिंगला कडी मारून चालत नाही. आमच्याकडे माटवीचं, म्हणजे गणपतीवर फळं-नारळ बांधायला टांगतात त्या चौकटीचं, आयत्या वेळी लक्षात आलं, नारळासकट सगळं वजन कुठे बांधायचं, मग खाली खांब उभे केले. तसंच नळ आणि स्विच, फ्रेम बनल्यावर बदलायला गेलात की फार खर्च. आईंच्या खोलीला लागूनच बाथरूम ठेवा, मध्ये पायरी नको.

तलाठी_नाही
मॉड्युलर आहे म्हणून परवानगी लागत नाही असं सेल्सवाले सांगतात, त्यावर जाऊ नका. जोतं घालून राहायचं घर म्हणजे बांधकामच. सातबारावर आत्या, चुलत भाऊ कोणाची नावं आहेत ते बघून सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या, आमचं दीड वर्ष त्यातच गेलं. आणि जवळ खाडी असेल तर सीआरझेड म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम तपासा, ते फक्त समुद्रकाठालाच लागतं असं नाही.

सुपारीची_वाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. बॉक्सवाल्यांना आज नाही म्हणून कळवलं. सातबारावर दोन आत्यांची नावं आहेत, रविवारी दोघींकडे जातोय. काकूला फोन करून आठ फुटांच्या ओटीचं सांगितलं तर म्हणाली झोपाळा जुनाच लावायचा, सागवानी आहे, माळ्यावर नीट गुंडाळून ठेवलाय. त्याची लांबी-रुंदी आणि वजन घेऊन इंजिनिअरला देतो. जोतं जांभ्याचंच करायचंय, दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत फ्रेम उभी राहिली पाहिजे. त्या बाजूचा चांगला मिस्त्री कोणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.