विषय: कॅम्ब्रिया सहल – रविवारी नऊला खडक पाण्याखाली असतील

प्रेषक: ताई (ग्रंथालय)

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कॅम्ब्रिया गावी आपली शनिवार-रविवारची सहल जातेय, तिचं वेळापत्रक आत्ता पाहिलं. रविवारी सकाळी नऊला मुलांना लेफिंगवेल लँडिंगला खडकांमधली डबकी दाखवणार असं लिहिलंय. त्या वेळी तिथे नुसत्या लाटा फुटत असतील. या किनाऱ्यावर हिवाळ्यात मोठी ओहोटी दुपारी येते, उन्हाळ्यात पहाटे. त्यात पौर्णिमा शुक्रवारची, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी भरपूर पाणी आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास ते पार आत गेलेलं. शनिवारी दुपारी खडक आणि रविवारी सकाळी हत्ती-सील, एवढी अदलाबदल करा. मुलांना तारामासे, समुद्रफुलं, शंखातले खेकडे खरेच दिसायला हवे असतील तर दुसरी वेळ नाही.

प्रेषक: सहल समिती

ताई, वेळापत्रक दोन बैठकांत ठरलंय आणि दोन्हींची सूचना या ईमेल यादीवर आली होती. बस सातला निघून १०१ महामार्गाने पासो रोब्लेस, तिथून ४६ क्रमांकाच्या रस्त्याने खाली किनाऱ्याकडे उतरणार. जेवण धरून एक वाजेल. सील आधी ठेवले कारण ते दिसतात त्या पिएद्रास ब्लांकासचा फळ्यांचा रस्ता सपाट आहे, व्हीलचेअरही जाते. चार तास बसून आलेल्या ज्येष्ठांना लगेच निसरड्या खडकांवर कसं न्यायचं?

प्रेषक: वहिनी (सॅन होजे)

१०१ कशाला? बिग सरच्या कड्यांवरून, समुद्राकाठच्या रस्त्याने जाऊ या ना! माझ्या सासूबाई पहिल्यांदाच आल्यात, त्यांना तो रस्ता दाखवायचाय.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, पावसाळी हिवाळ्यात तिथे दरड कधी येईल सांगता येत नाही. शिवाय बसचालकाने दिवसाला १० तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असा कायदा आहे. वळणांच्या रस्त्यावर एकदा अडकलो तर सगळंच गणित कोलमडेल. १०१च.

प्रेषक: अण्णा

ओहोटीचं मी सांगतो. आम्ही रत्नागिरीला तिथीवरूनच काढायचो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. रविवारी वद्य द्वितीया, म्हणजे दीड. दीडला भरती तर नऊला पाणी निम्म्याच्याही खाली. तेव्हा समितीची वेळ अगदीच टाकाऊ नाही. वडील होडी लोटायच्या आधी बोटांवर हा हिशेब करायचे, घड्याळ नव्हतं तेव्हा.

प्रेषक: ताई (ग्रंथालय)

अण्णा, हिशेब कोकणचा आहे आणि कोकणात चालतोच. इथे प्रशांत महासागरावर भरतीची वेळ निराळी पडते. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्यांमध्ये बराच फरक असतो, एक खोल जाते, एक अर्धवट. आपल्याला खोल जाणारी हवी. नोआ या अमेरिकी सरकारी समुद्र-हवामान संस्थेचे भरती-ओहोटीचे तक्ते ठिकाणानुसार मिळतात, सॅन सिमियनचा बघा.

ज्येष्ठांचं म्हणणं मला पटतं. पण त्यांना खडकांवर न्यायची गरजच नाही. मूनस्टोन बीचला वरून फळ्यांचा रस्ता आहे, तिथून समुद्र समोर. खाली फक्त मुलं आणि त्यांचे आईबाप.

प्रेषक: अण्णा

वेळ निराळी असेल, तत्त्व तेच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. पुढच्या वर्षी तारीख ठरवायच्या आधी पंचांग बघा, एवढंच माझं म्हणणं.

प्रेषक: माई

मला सीलबद्दल लिहायचंय. जानेवारीअखेर म्हणजे बाळंतपणांचा ऐन हंगाम. काळंभोर पिल्लू, जन्मतःच ३०-३५ किलोचं, आणि आई जवळपास चार आठवडे काही न खाता दूध पाजते. ती वाळत जाते, पिल्लू फुगत जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेलासाठी मारून मारून ही जात शंभराच्याही खाली आली होती. इथे पहिले सील १९९० मध्ये आले, पहिलं पिल्लू १९९२ मध्ये. तासभर तरी द्या, वीस मिनिटांत फोटो काढून बसमध्ये चढवू नका. आणि सकाळच्या भरतीला वाळू कमी उरते, त्यामुळे पिल्लं कठड्याच्या बाजूला सरकतात, छान दिसतात. ताईच्या बाजूने हेही धरा. मात्र समुद्र खवळलेला असला तर उधाणात पिल्लं वाहून जातात, ते पाहवत नाही. लहान मुलांच्या आयांना आधी सांगून ठेवा.

प्रेषक: सहल समिती

माईंचा मुद्दा विचारात घेतला. नवा क्रम: शनिवारी तीनला मूनस्टोन आणि लेफिंगवेल, पाचच्या आत सगळे वर, कारण त्यानंतर लगेच सूर्य मावळतो. रविवारी नऊला सील, एक तास. मग फिस्कालिनी रँचचा कड्यावरचा रस्ता, ज्यांना चालायचंय त्यांच्यासाठी. तिथली माँटेरे पाइनची झाडं नैसर्गिकरीत्या जगात मोजक्याच ठिकाणी उरलीत, तेव्हा आवर्जून चला. खडकांवर रबरी तळव्याचे बूट लागतील, डबक्यातलं काही उचलायचं नाही. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. नावं ताईंनी गुरुवारपर्यंत द्यावीत.

प्रेषक: ताई (ग्रंथालय)

देते. मुलं किती, ती यादी खजिनदारांकडून हवी.

प्रेषक: वहिनी (सॅन होजे)

सासूबाईंना बस लागते. पुढची सीट ठेवाल का?