शब्दचर्चा : 'बनवाबनवी'ला दोन बाजू लागतात का?

सुरंगी (कुडाळ)
आमच्या वाचनालयात मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना जुने मराठी चित्रपट दाखवणार आहोत. प्रत्येक चित्रपटाबरोबर एक पानी टिपण वाटायचं आहे आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. 'अशी ही बनवाबनवी'च्या टिपणात मी लिहिलं होतं, "बनवाबनवी म्हणजे एकमेकांना बनवणे, जशी मारामारी म्हणजे एकमेकांना मारणे." मुद्रितं तपासणाऱ्या काकूंनी ती ओळ खोडली. त्या आयुष्यभर मराठी शिकवत होत्या. पानाच्या समासात त्यांनी लिहिलंय, "चौघे मित्र मिळून घरमालकीण लीलाबाई काळभोरांना बनवतात. लीलाबाई कुणाला बनवतात? हे एकतर्फी आहे."

मला हे पटलेलं नाही. ढकलाढकली, खेचाखेची, मारामारी या सगळ्यांना दोन बाजू लागतात, मग बनवाबनवीलाच का नको? टिपण शनिवारी छापायला जाणार आहे.

जुनीवही
सुरंगीताई, तुमच्या बाजूने पाणिनीच उभा आहे. 'इच् कर्मव्यतिहारे' असं सूत्र आहे. कर्मव्यतिहार म्हणजे क्रियेची देवाणघेवाण. एकमेकांचे केस धरून झालेलं भांडण ते केशाकेशि, काठ्यांनी काठ्यांशी झालेलं ते दण्डादण्डि. शब्द दोनदा, मध्ये 'आ' आणि शेवटी 'इ'. मारामारीचा साचा हुबेहूब हाच आहे. शेवटचा 'ई' दिसला की समजायचं, दोन्हीकडून चाललंय. बनवाबनवीला दोन बाजू हव्यातच. चित्रपटात त्या नसतील तर नाव सैल पडलं, शब्दाचा अर्थ त्यामुळे बदलत नाही.

तांबळडेग
सूत्र सुंदर आहे, पण मराठी त्याच्या तालावर चालत नाही. 'लपवाछपवी' घ्या. शेवटी 'ई' आहे, पण लपवणारा एकटाच असतो. 'फोडाफोडी' घ्या. एक पक्ष दुसऱ्याची माणसं फोडतो, ती माणसं उलट कुणाला फोडत नाहीत.

आता 'ई' नसलेले शब्द बघा. जमवाजमव, जुळवाजुळव, आवराआवर, शोधाशोध, सारवासारव. यांत क्रिया पुन्हा पुन्हा, घाईघाईने, इथून तिथून चालते. माणूस एकटा असला तरी चालतं. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात आई एकटीच असायची, तरी आवराआवर म्हणजे आवराआवर. सारवासारव शब्दाचा तर आम्हा कोकणातल्यांना शब्दशः अर्थ माहीत आहे. शेणाने खळं सारवताना हात जिथे भेग दिसेल तिथे पुन्हा पुन्हा फिरतो. बोलण्यात चूक झाकतानाही माणूस तेच करतो.

कर्लीकाठ
या मंडळींना एक तिसरा गट जोडतो. 'रडारड' एका माणसाची होत नाही. एकटा मूल रात्रभर रडलं तरी आपण रडारड म्हणत नाही, चार जण रडले की म्हणतो. 'पळापळ'सुद्धा तशीच. धावाधाव मात्र एकट्याची होते. म्हणजे दोन बाजू आणि एक बाजू एवढाच भेद नाही. क्रिया करणारे अनेक असणं ही वेगळी अट आहे.

आणि माझ्या मते बनवाबनवी इथे बसते. चित्रपट आठवा. धनंजय माने (अशोक सराफ) आधीच्या घरमालकाला, सरपोतदारांना (सुधीर जोशी) बनवतो. जागा फक्त लग्न झालेल्यांना मिळणार म्हणून सुधीर (सचिन) सुधा होतो आणि परशा (लक्ष्मीकांत बेर्डे) पार्वती होतो. मग लीलाबाईंसमोर (नयनतारा) एक सोंग, नोकरीच्या ठिकाणी माधुरीसमोर (अश्विनी भावे) दुसरं, मनीषा (सुप्रिया), सुषमा (निवेदिता) आणि कमळीसमोर (प्रिया) आणखी वेगळी. चौघांतला प्रत्येक जण कुणाला ना कुणाला बनवतोय आणि एकाने बनवलेलं दुसऱ्याला निभावावं लागतंय. एकमेकांना नाही, पण सगळेच. काकूंचं 'एकतर्फी' मला अपुरं वाटतं आणि सुरंगीचं 'एकमेकांना' जास्तीचं.

करूळघाट
वाक्य बघा, "एकटा मूल". मूल नपुंसकलिंगी, म्हणून 'एकटं मूल'. शब्दचर्चेत तरी लिंग सांभाळू या.

खरा मुद्दा मात्र कुणी काढलाच नाही. फसवणे या अर्थी 'बनवणे' मराठीत आला कुठून? मराठीत फसवणे होतं, चकवणे होतं, टोपी घालणे, शेंडी लावणे, हातावर तुरी देणे होतं. 'बनाना' हिंदीतून आलं आणि या सगळ्यांना खाऊन बसलं. आता तर चहा बनवतात, पोळ्या बनवतात, घर बनवतात. चहा करतात, पोळ्या लाटतात, घर बांधतात, मूर्ती घडवतात. प्रत्येक कामाला आपलं क्रियापद होतं.

सुरंगी (कुडाळ)
करूळघाट, चहाचं मान्य. पण चित्रपटाचं नाव १९८८ सालचं आहे, ते मी बदलू शकत नाही. मला फक्त एक ओळ हवी आहे.

उंडी
करूळघाटांना कोकणातून पाठिंबा. आमच्याकडे स्वयंपाक अजून 'रांदतात'. माशाचं कालवण म्हणजे रांदप. जी भाषा रांधणे जपून आहे तिला बनवणेची गरज का पडावी? माझ्या सासूबाईंपुढे "जेवण बनवते" म्हटलं की त्या विचारायच्या, "बनवतंस म्हणजे? खोटा खोटा करतंस?" त्यांना बनवणे म्हणजे नक्कल करणे, खोटं रूप देणे, एवढाच अर्थ माहीत होता.

कर्लीकाठ
उंडीताई, तुम्ही नकळत मोठा दुवा दिलात. सासूबाईंचा अर्थ धरला तर नाव किती चपखल बसतं बघा. सुधीरला बायको 'बनवलं' म्हणजे रूप दिलं, आणि लीलाबाईंना 'बनवलं' म्हणजे फसवलं. रूप देणं आणि फसवणं दोन्ही त्याच क्रियापदात आहेत. फसवाफसवी म्हटलं असतं तर यातलं अर्धं गेलं असतं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६). त्या नावात दोन गरजा सांगितल्या आहेत, बायको आणि घर. मराठी नावात त्या गरजांपायी माणसं काय करतात ते सांगितलंय. हे लिहिणारे वसंत सबनीस 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहून बसलेले होते. तमाशातल्या बतावणीत एका शब्दाचे दोन अर्थ खेळवणं हे त्यांचं रोजचं काम. नाव त्यांनीच सुचवलं की आणखी कुणी, त्यात मी शिरत नाही. पण संवादांत तोच हात दिसतो.

चाकरमानी
संवादांचा विषय निघाला म्हणून लिहितोय. १९९० च्या आसपास, कोकण रेल्वे यायच्या आधी, गावच्या पूजेला भाड्याने व्हिडिओ आणायचे. अंगणात टीव्ही, पुढे मुलं, मागे पडवीत बायका. हा चित्रपट लागला की सरपोतदारांचे सत्तर रुपये 'वारले' या वाक्यावर सगळं अंगण हसायचं. मला तेव्हा कळत नव्हतं की मोठी माणसं एवढी का हसतात. रुपये बुडतात, हे माहीत होतं. वारतात कसे?

आज वाटतं, तो विनोद पूर्ण व्याकरणाचा आहे. 'वारणे' आपण फक्त माणसासाठी वापरतो, तेही मान ठेवून. कुत्रा वारला म्हणत नाही, झाड वारलं म्हणत नाही. रुपयांना वारायला लावलं की रुपये घरातले वडीलधारे होतात, आणि मग सरपोतदारांना ते परत मागायची सोय राहत नाही. सुतकात वसुली कोण करणार? माझी आजी सांगायची की वारला म्हणजे वाऱ्यात मिसळला.

जुनीवही
आजीचं काव्य मोठं आहे, पण वाऱ्याशी याचा संबंध नसावा. वारणे म्हणजे दूर सारणे, निवारण करणे, हे क्रियापद संस्कृतातून सरळ आलेलं आहे. त्याच्या जवळ ओवाळून टाकण्याचा अर्थही आहे. 'मेला' हा शब्द टाळायचा म्हणून माणसांनी ते धरलं. जीवन वारलं, असं काहीतरी मूळ वाक्य असेल.

चाकरमानी
"असेल" म्हणता, मग आजीचंही असेल.

पाणंद
मी दशावताराच्या गावचा आहे, म्हणून एक वेगळीच गोष्ट विचारतो. त्या चित्रपटात "हा माझा बायको" अशी जीभ घसरते आणि लोक हसतात. कारण घसरण लिंगाची आहे, बोलणाऱ्याच्या मनातला पुरुष शब्दात निसटतो. मालवणीत हेच "हो माझो बायल" असं होईल आणि तेवढंच हसू येईल. पण मालवणीत आणखी एक दार उघडं आहे. लग्न न झालेल्या मुलीला आम्ही नपुंसकलिंगी बोलतो, 'तां चेडू'. बायको झाली की ती स्त्रीलिंगी होते. सुधा आणि पार्वतीला मालवणीत आणायचं तर 'तो', 'ती' आणि 'तां' तिन्ही सर्वनामांशी खेळता येईल. प्रमाण मराठीत ही सोय नाही. तिथे लग्नाआधीही 'ती मुलगी'च.

दुसरं असं की दशावतारात स्त्रीभूमिका पुरुषच करतात, त्यांना स्त्रीपार्टी म्हणतात. धयकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, रात्री स्त्रीपार्टी रंगून आला की बोलणारे आपोआप 'राणी आली' म्हणतात. तोच माणूस पहाटे देवळामागे विडी ओढताना दिसला की 'तो'. आमच्याकडे साडी घालून आलेल्या पुरुषाला हसायची सवय नाही. म्हणून माझ्या वडिलांना हा चित्रपट बघताना लक्ष्मीकांत बेर्डेंच्या साडीवर हसू आलं नव्हतं. डोहाळजेवणाच्या प्रसंगावर मात्र ते डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांचं म्हणणं, साडी सोंगात बसते, पण डोहाळे पाळायचे म्हणजे आता सोंगातून बाहेर पडायची वाट बंद झाली.

करूळघाट
साडी 'घालत' नाहीत. साडी नेसतात, चोळी घालतात, शालू पांघरत नाहीत, शेला पांघरतात. दशावताराच्या गावच्या माणसाने तरी हे लिहू नये.

पाणंद
करूळघाट, स्त्रीपार्टीच्या घरी मी लहानाचा मोठा झालो. काका रंगपटात बसून निऱ्या काढायचे ते मी रोज पाहिलंय. 'साडी घाल रे लवकर, पेटी वाजली,' हे त्यांच्या तोंडचं वाक्य आहे. नेसणे बरोबर आहे, मीही वापरतो. पण ज्याचं पोट साडीवर चालत होतं त्याच्या तोंडचा शब्द चूक कसा ठरवायचा?

करूळघाट
त्यांच्या कलेपुढे मी हात जोडतो. पण कलावंत म्हणतो म्हणून शब्द बदलत गेले तर नेसणे उद्या धोतरापुरतंही उरणार नाही. आता घरोघरी बघा, मुली साडी घालतात, धोतर घालतात, पागोटंही घालतात. पागोटं बांधतात. हा हट्ट मी सोडणार नाही, कारण शब्द गेला की नऊवारी आणि पाचवारीतला नेसण्याचा फरक सांगायलाही जागा राहत नाही.

उंडी
करूळघाटांचं मला पटतं, पण पाणंद यांच्या काकांपुढे नाही. वापर आणि शुद्धता यांत जिथे हात काम करतात तिथला शब्द मोठा मानावा. आमच्याकडे मच्छीमार होडी 'लोटतात', होडी 'घालतात' असंही म्हणतात. कोण चुकला?

तांबळडेग
सगळे साडीवर गेलात. 'फेकाफेकी' आणि 'पाडापाडी' अजून उरलीच आहे. आंब्याच्या दिवसांत पोरं एकमेकांवर बाठे फेकतात ती फेकाफेकी, दोन्ही बाजूंची. पण अतिक्रमण हटवतात तेव्हाची पाडापाडी एकतर्फी. शेवट एकच, अर्थ वेगळे. जुनीवहींनी याचं उत्तर द्यावं.

जुनीवही
'पाडापाडी' हा शब्द वर्तमानपत्रांनी केला. बोलीत 'पाडापाड' ऐकलंय. फोडाफोडीचंही तेच, नारळाची 'फोडाफोड' होते. राजकारणाच्या बातम्यांनी सगळीकडे ई लावला.

तांबळडेग
लपवाछपवी वर्तमानपत्रांनी केली नाही. माझी आई वर्तमानपत्र वाचत नव्हती आणि काजू कमी भरले की हाच शब्द वापरायची.

सुरंगी (कुडाळ)
मी कर्लीकाठांचं सगळं काकूंना वाचून दाखवलं. 'सगळेच बनवतात, एकमेकांना नाही' हे त्यांना आवडलं. पण टिपणात व्याख्याच नको, असं त्यांचं म्हणणं. "किरण शांताराम निर्माते, सचिन दिग्दर्शक, अरुण पौडवाल संगीत, सबनीस लेखक, एवढं लिही. शब्द मुलं चित्रपट बघून शिकतील." मला वाटतं व्याख्या हवी. कुडाळच्या दहावीच्या मुलाला 'बनवणे' म्हणजे भिंतीवरचं चित्र बनवणे एवढंच येतं, फसवणे हा अर्थ आता त्याच्या कानावर 'उल्लू बनाया' असाच पडतो.

कर्लीकाठ
व्याख्या ठेवा. आणि त्यात सासूबाईंचा 'खोटा खोटा करतंस' घाला, मालवणीतच.

करूळघाट
घाला, पण "मालवणीतच घाला" यात 'घालणे' मात्र बरोबर आहे. वाक्यात शब्द घालतात, साडी नेसतात.

पाणंद
काका असते तर त्यांना तुमच्या घरी पाठवलं असतं. सुरंगीताई, तुमच्या पडद्यावर हा चित्रपट असेल त्या रात्री आमच्याकडे धयकालो आहे. दोन्हीकडे जाणाऱ्यांसाठी वेळ थोडी पुढेमागे करता येईल का? आख्यान रात्री उशिराच सुरू होतं.