मदत हवी आहे: सिएनात एका रात्रीसाठी हॉटेलच मिळेना

जावईबापू_नाशिक
मंडळी जरा लवकर सांगा, विमानाची तिकिटं झालीयेत आणि बाकी सगळं इथेच अडलंय. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असं ठरलंय, मधे सिएनात एक रात्र काढायची आहे कारण बायकोला तो शंखासारखा चौक बघायचाच आहे. पण हॉटेलं एकतर फुल्ल आहेत नाहीतर भाव ऐकून घाम फुटतो. फ्लोरेन्समध्ये इतकं महाग नाही मग या एवढ्याशा गावात काय सोनं लागलंय? की साइट बदलून बघू? बरोबर सासूबाई आहेत.

तिरकस
तारीख?

काकाश्री
आम्ही व्हेनिसला गेलो होतो. सान मार्को चौकासमोर बाकी सगळं फिकं. फ्लोरियान कॅफे १७२० पासून चालू आहे, पण टेबलावर बसाल आणि वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे पैसे बिलात वेगळे लागतात. आणि कबुतरांना दाणे टाकू नका, दंड आहे.

जावईबापू_नाशिक
काका व्हेनिस ठरलेलंच आहे हो, प्रश्न सिएनाचा आहे. तारखेने काय फरक पडतो, १५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून रजा टाकलीय, सिएना १५ ची रात्र आणि १६ ला दुपारी पुढे.

मीनल_म्युनिक
अहो १६ ऑगस्टला तिथे पालिओ आहे! घोड्यांची शर्यत, वर्षातून दोनदाच होते, २ जुलै आणि १६ ऑगस्ट, आणि होते ती बरोब्बर तुम्हाला बघायच्या त्या चौकातच. साइट बदलून काही होणार नाही. वर १५ ला फेरागोस्तो म्हणजे सगळ्या इटलीला सुट्टी, बसगाड्याही कमी असतात.

जावईबापू_नाशिक
मग उलट चांगलंच की, शर्यत पण बघून होईल. तिकीट कुठे मिळतं?

मीनल_म्युनिक
चौकाच्या मधोमध उभं राहून बघायला तिकीट नाही, फुकट आहे. पण त्यासाठी दुपारीच आत जाऊन उभं राहायचं, ऊन डोक्यावर, बसायला काही नाही, टॉयलेट नाही, आणि एकदा वाटा बंद झाल्या की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं अवघड. कडेच्या बाकड्यांच्या आणि बाल्कनीतल्या जागा फार महाग असतात आणि आधीच गेलेल्या असतात. इतकं करून शर्यत तीन फेऱ्यांची, दीड मिनिटाच्या आत संपते. सासूबाईंचं वय किती? चालतात ना?

जावईबापू_नाशिक
६८, गुडघे दुखतात.

तिरकस
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं राव.

रानवारा
मला तर हा प्रकारच पटत नाही. बिनखोगिराचे घोडे, चौकाच्या कडेने माती टाकून केलेली वाट, अवघड वळणं, घोडे पडतात, मरतातही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर किती रान उठवलं आणि तिकडे जाऊन आपणच फोटो काढणार.

पैलवान_जुन्नर
बैलगाडा मधे आणू नका. २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवलाय, विषय संपला. आणि पालिओ म्हणजे नुसती शर्यत नाही, गावात १७ कोंत्रादे म्हणजे आळ्या, त्यातल्या १० च दरवेळी पळतात, आणि स्वार पडला तरी नुसता घोडा पहिला आला तर ती आळी जिंकते. आमच्याकडच्या यात्रेचीच आठवण होते बघा.

रानवारा
कायदेशीर म्हणजे योग्य असं नसतं एवढंच म्हणते.

काकाश्री
रोमला पियाझ्झा नावोना नावाच्या चौकात आपली गंगा आहे बरं का! बेर्निनीच्या १६५१ च्या कारंज्यात नाईल, डॅन्यूब, प्लाता आणि गंगा अशा चार नद्या, गंगेच्या हातात वल्हं. सासूबाईंना जरूर दाखवा. पण तिथल्या स्पॅनिश स्टेप्स नावाच्या पायऱ्यांवर बसू देऊ नका, २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, पोलीस उठवतात.

पोटोबा
सिएना सोडा, बोलोन्याला जा. पियाझ्झा माज्जोरे सपाट आहे, आजूबाजूला मैलोनमैल कमानीखालचे फुटपाथ, ऊन लागत नाही, आणि फ्लोरेन्स-व्हेनिस रेल्वेच्या वाटेवरच आहे. माझं तर म्हणणं आहे तिथे दोन दिवस राहा.

जावईबापू_नाशिक
बायको ऐकणार नाही. तिला तोच चौक हवाय. तोडगा सांगा.

मीनल_म्युनिक
तोडगा सोपा आहे, रात्र काढूच नका. फ्लोरेन्सचा मुक्काम लांबवा आणि १८ किंवा १९ ला सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. १७ नको, जिंकलेली आळी वाजतगाजत फिरत असते. आणि शर्यतीच्या आधी गेलात तर विटांच्या कडेने मातीची वाट आणि कठडे असतात, चौक नीट दिसत नाही. विटांचे ते नऊ भाग मुद्दाम मोजा, चौक बांधला तेव्हा गावावर नऊ जणांचं मंडळ राज्य करायचं त्याची खूण आहे. बसने जा, सव्वा-दीड तास लागतो आणि गावाजवळ वर सोडते. रेल्वे स्टेशन खाली आहे, तिथून सरकते जिने आहेत पण गुडघेवाल्यांना उगाच फेरा. चौक उताराचा आहे, सासूबाईंना वरच्या बाजूला कारंज्यापाशी कॅफेत बसवा. चौकातल्या मान्जा मनोऱ्याला लिफ्ट नाही, चारेकशे पायऱ्या आहेत, तो तुम्ही दोघं चढा.

तिरकस
कॅफेत बसलं की जास्त पैसे, काउंटरवर उभं राहून कॉफी स्वस्त. पण टॉयलेट वापरायला मिळतं, तेवढ्यासाठी द्यावेत.

सिमवाला
एअरपोर्टवर सिम घेऊ नका, इथूनच ई-सिम घेऊन जा.

जावईबापू_नाशिक
सिमचं कोणी विचारलं? मीनलताई, १८ पक्कं करतो, फ्लोरेन्सचं हॉटेल एक रात्र वाढवून मिळतंय. बसचं तिकीट आत्ताच काढायचं का?

मीनल_म्युनिक
आत्ता गरज नाही. निघायच्या दिवशी बसस्थानकावरच्या खिडकीवर काढा, आणि कागदी तिकीट असेल तर बसमध्ये चढल्या चढल्या मशीनमध्ये शिक्का मारा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

पैलवान_जुन्नर
@रानवारा योग्य-अयोग्य कोण ठरवणार? तुम्ही कधी बैलगाड्याच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, येऊन बघितलंय का?